मनकर्णेच्या म्हशीचा खुंटा

मी मनकर्णेला रोज सकाळी शिव्या देतो. तालमीतून निघालो की अंगावरची माती झटकायची, पटका बांधायचा, मळ्याची वाट धरायची, तिच्या कुंपणाशी उभं राहायचं आणि सुरू करायचं. पाऊस असो की थंडी, चार वर्षांत बारा दिवसांचा एक खाडा सोडला तर यात खंड नाही. ही बाई माझ्या धाकट्या भावाची, कानिफनाथाची बायको. पहिल्या दिवसापासून मला ती आवडली नाही आणि आजही आवडत नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलोय म्हणून तिने हुरळून जायचं कारण नाही. तिला वाचता येत नाही हे एक बरं आहे.

माझं नाव गोरक्ष. नेवाशापासून कोसभरावर, प्रवरेच्या काठी आमचं गाव. गावाच्या नदीकडच्या टोकाला मारुतीची तालीम, आणि तिथला वस्ताद मी. आमच्या तालमीचा एक कायदा होता. नागपंचमीला मारुतीपुढे उभं राहून हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, तांबडी माती मुठीत घ्यायची आणि वर्षाचा शब्द द्यायचा, रोज इतके जोर आणि इतक्या बैठका. याला आम्ही माती उचलणं म्हणायचो. एक दिवस चुकला तरी शब्द मोडला, आणि शब्द मोडणाऱ्याने पुढच्या नागपंचमीपर्यंत हौद्यात पाय ठेवायचा नाही. दरसाल चाळीसेक जण माती उचलायचे, दसऱ्यापर्यंत सात-आठ उरायचे. बाकीचे पुन्हा कधी फिरकत नसत. मी म्हणायचो, गेले ते गेले, उरले ते मर्द. असं म्हणताना मला फार बरं वाटायचं.

कानिफ त्या उरलेल्यांतला पहिला. जत्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडे हगामा म्हणतात. पंचक्रोशीतल्या प्रत्येक हगाम्याला कानिफचं नाव पुकारलं की समोरचा गडी पाणी मागायचा. मग त्याचं लग्न झालं, पारनेरकडच्या मुलीशी. तिकडच्या माळावर पाण्याची जेवढी टंचाई, तेवढीच या बाईच्या जिभेवर गोड शब्दांची. दोन वर्षांत कानिफने लंगोट टांगून ठेवला आणि नांगर धरला. "दादा, रान पडीक पडलंय," म्हणाला. रान पडीक पडलंय हे त्याला कुणी सांगितलं, ते मला न सांगता कळलं. मी तयार केलेला गडी तिने मोटेवर उभा केला, हे मी विसरलो नाही. त्यात सहा वर्षांत पोटी मूल नाही. गावातल्या बाया त्यावरून बोलायच्या, आणि मी त्यांना कधी गप्प केलं नाही.

आमचं भांडणही सरळ नव्हतं. थोरल्या दिराशी भावजयीने तोंडावर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. थोरल्या दिरानेही तिला नाव घेऊन हाक मारायची नाही. मी कानिफकडे बघून ओरडायचो, "कानिफ, सांग तुझ्या त्या कैदाशिणीला." ती डोक्यावरचा पदर नीट करायची, माझ्याकडे पाठ फिरवायची आणि म्हशीशी बोलायची. म्हशीचं नाव चंद्री. "चंद्रे, ऐकलं का? काही लोकाला पहाटं उठून दुसऱ्याचं वाईट चिंतल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई." म्हैस शेपटी हलवायची. रीत मोडली असं म्हणायला जागा नाही, आणि माझ्या अंगाचा मात्र भडका उडायचा.

चव्वेचाळीस साली दसऱ्यानंतर कानिफला मुदतीचा ताप आला. लढाईचे दिवस, औषध मिळायची मारामार. नगरच्या दवाखान्यात तो महिनाभर पडून होता. मळ्यातल्या त्याच्या घरी आणला तेव्हा त्याच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, हाडं शाबूत आहेत, पडून राहून पाय मेले आहेत, रोज थोडं चालवा. मी म्हटलं, एवढंच ना? हे काम माझं.

मी तालमीतली माती फडक्यात बांधून नेली. खाटेवर बसलेल्या कानिफच्या मुठीत ती दिली आणि मारुतीच्या नावाने शब्द घेतला. दारापासून कुंपणापर्यंत साठ पावलं होती. रोज जायचं, रोज यायचं. चार दिवस तो दात-ओठ खाऊन चालला. घामाने निथळायचा, पोटऱ्या थरथरायच्या, पण चालला. मला अभिमान वाटला. पाचव्या दिवशी खळ्याच्या मध्यावर तो कोसळला आणि उठला नाही. मी त्याला उचलून खाटेवर आणला आणि तालमीत इतर कुणालाही सांगितलं असतं तेच त्याला सांगितलं. "कानिफ, शब्द मोडलास."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पंधरा दिवस तो उठलाच नाही. उठवायला गेलं की म्हणायचा, "दादा, माझ्यात आता कायबी ऱ्हायलं न्हाई. सोड मला." माझ्यापुढे हगामे मारणारा माणूस चिपाडासारखा पडून होता, आणि याला जबाबदार कोण हे मी लगेच ठरवून टाकलं. तिने त्याला लाडावून ठेवलंय. तिच्या हातून हा माणूस उभा राहणार नाही.

मी काकासाहेबांना, म्हणजे गावच्या पाटलांना आणि आणखी दोघा जाणत्यांना तिच्या खळ्यात बोलावलं. त्यांच्यापुढे अट घातली. हनुमान जयंतीला कानिफने आपल्या पायांनी तालमीपर्यंत यायचं आणि तालमीच्या पाच पायऱ्या चढायच्या. नाही जमलं तर कानिफ माझ्या घरी येईल, आणि त्याच्या बायकोने पारनेरला माहेरी जायचं. पुढचं पुढे बघू. पुढचं काय ते सगळ्यांना कळलं होतं. मूल नसलेल्या बाईला एकदा माहेरी धाडलं की नवऱ्याचं दुसरं लग्न व्हायला वेळ लागत नाही. काकासाहेब थोडे घुटमळले, पण म्हणाले, "व्हय, चालंल."

मला वाटलं, आता तरी ती रडेल. ती गोठ्याच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "चंद्रे, हनुमान जयंतीला अजून चार महिने हायेत." आणि शेण भरायला गेली.

आठ दिवसांनी सकाळी मी मळ्यात गेलो आणि जे पाहिलं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाण्याची घागर नेहमी कानिफच्या उशाशी असायची. ती आता खोलीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात होती आणि तिच्या झाकणावर त्याची तंबाखूची चंची ठेवलेली. माझा भाऊ भिंतीला धरून, ढुंगणावर सरकत, घागरीकडे निघाला होता. ओठ कोरडे पडलेले. आणि ती बाई अंगणात निवांत बसून डाळ पाखडत होती.

"कानिफ!" मी ओरडलो. "तुझी बायको हाय का वैरीण? आजारी माणसाला पाण्यासाठी रांगवती? उद्या भाकर झाडाला टांगंल!"

तिने सूप खाली ठेवलं. "चंद्रे, तुझी पेंड कोन तुझ्या तोंडात नेऊन घालतं का गं? तहान लागली की जनावर उठतं."

मी गावभर सांगितलं. पारावर, नदीवर, तालमीत. सटवीने भावाला तहानेने मारायला घेतलंय म्हटलं. बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या, विहिरीवर तिचा पोहरा बाजूला सारू लागल्या. मला त्याची लाज वाटली नाही. उलट मी आता रोजच जायला लागलो. तालीम सुटली की मळा, मळ्यात गेलं की तोंडाचा पट्टा. तिला सुखाने बसू द्यायचं नाही, एवढाच माझा हेतू होता.

त्या घागरीची एक गोष्ट मला मुळीच पटली नाही. आठवडे बाजार आला की ती घागर एक पाऊल लांब सरकवायची. पण कानिफला एखाद्या दिवशी जमलं नाही तर एक शब्द बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी घागर मुकाट्याने दोन पावलं जवळ आणून ठेवायची. "कितवा दिस?" कधी विचारलं नाही. "काल का न्हाई उठला?" तेही नाही. तालमीत मी असं केलं असतं तर हौद्यात कोंबड्या फिरल्या असत्या. शिस्त नाही, शब्द नाही, मोजदाद नाही. मी कुंपणावरून म्हटलं, "कानिफ, ह्याला व्यायाम म्हणत न्हाईत."

तोवर माझं भांडण कानिफला असह्य व्हायला लागलं होतं. तो स्वभावाने मऊ. दोघांच्या मध्ये पडून मिटवायची त्याची लहानपणापासूनची खोड. आई-बापांच्या भांडणातही तोच मध्ये पडायचा. एके दिवशी मी ओरडत असताना तो चौकटीला धरून उभा राहिला. "दादा, हळू बोल. रस्त्यानं लोक चाललेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात आला. मग ओट्यावर. मला वाटलं, बायकोची बाजू घ्यायला मेलेल्या पायांत जीव येतोय, माझ्या शब्दाने आला नाही. मी आणखी चिडलो.

याच सुमाराला तिने म्हशीचा खुंटा हलवला. चंद्री दाराशेजारी बांधलेली असायची, ती ओट्यापासून दहा पावलं पुढे आली. मला वाटलं, भ्याली, माझ्यापासून लांब पळतेय. ती म्हशीशिवाय बोलायची नाही, तेव्हा भांडणही म्हशीबरोबर दहा पावलं पुढे सरकलं. आमचा आवाज चढला की कानिफला तेवढं चालून यावं लागायचं. आठवड्याने खुंटा खळ्याच्या मध्यावर गेला. मग कुंपणाशी. कानिफ हातात काठी घेऊन यायचा, दोघांच्या मध्ये उभा राहायचा, "पुरे की आता" म्हणायचा. शिमग्याला चंद्री कुंपणाबाहेर, वाटेवरच्या लिंबाखाली बांधलेली दिसली. मी म्हटलं, "कानिफ, आता काय म्हशीसंगं गाव सोडती काय ही?"

ती म्हणाली, "चंद्रे, सावली बघून बांधलंय तुला. ज्याच्या डोक्यात ऊन गेलंय त्यानंबी उभं ऱ्हावं."

एकदा कुस्त्यांत ओरडून माझा घसा पार बसला होता. मी कुंपणाशी आलो, पण तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं आज जाऊ दे, परत फिरलो. तर माझ्या पाठीमागून तिनेच सुरुवात केली. "चंद्रे, आज वस्तादाची हवा गेली वाटतं. पैलवान म्हनं!" मी फिरलो आणि बसक्या घशाने जेवढं जमलं तेवढं ओरडलो. कानिफ धावत नव्हे, पण लगबगीने लिंबापर्यंत आला. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी स्वतःला हुशार समजतो, हे इथे नमूद करतो.

चैत्रात तिने म्हैस थेट नदीकडच्या गवताला बांधायला सुरुवात केली. तिथून तालीम हाकेच्या अंतरावर. मी तालमीतून बाहेर पडलो की समोरच ती दिसायची, आणि मी तिथेच सुरू व्हायचो. भांडण जुंपणार हे ठाऊक असलेला कानिफ अर्ध्या मैलावरच्या मळ्यातून आधीच निघून काठी टेकत यायचा. बसत, उठत, पण यायचा.

हनुमान जयंतीला पहाटेपासून तालमीपुढे गाव जमलं होतं. सूर्य वर आला, पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला. काकासाहेब पायऱ्यांशी खुर्ची टाकून बसले होते. कानिफ वाटेवर दिसला. एकटा, काठीशिवाय. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर ती, म्हशीचं दावं हातात धरून. पाच पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर त्याने गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. त्याने पडावं म्हणून मी चार महिने वाट पाहिली होती, आणि आता तो पडू नये म्हणून माझ्या मुठी वळल्या होत्या. तो पाचवीवर पोचला आणि मारुतीच्या पायांवर डोकं ठेवलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचा फार राग आला. काकासाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "गोरक्षा, मिटलं. तिनं कुठं जायाचं न्हाई."

सगळ्या गावासमोर मी हरलो होतो, एका बाईपुढे आणि एका म्हशीपुढे. लोक पांगायच्या आत मी हौद्यात उतरलो, मूठभर माती उचलली आणि मोठ्याने शब्द दिला की आजपासून त्या मळ्याच्या वाटेला पाय लावणार नाही आणि त्या बाईच्या दिशेने तोंड उघडणार नाही. माझ्या शब्दाला किंमत आहे हे गावाला माहीत होतं.

अकरा दिवस मी शब्द पाळला. रोज सकाळी पाय आपोआप मळ्याकडे वळायचे आणि मी त्यांना मागे ओढायचो. याला खरी ताकद लागते, असं मी स्वतःला सांगत होतो.

बाराव्या दिवशी तालीम भरली होती. तालीम चालू असताना तिथे आजवर बाई कधी आली नव्हती. एकाएकी सगळे जण दाराकडे बघू लागले. मी मान वर केली. पायऱ्यांच्या खाली मनकर्णा उभी होती. म्हैस सोबत नव्हती. डोक्यावर पदर होता, पण तोंड माझ्याकडे होतं.

"भाऊजी," ती म्हणाली.

मी सहा वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी शब्द ऐकला नव्हता.

"त्ये आठ दिस झालं खाटंवरच हायेत," ती म्हणाली. "मी घागर लांब ठिवली तर शेजारचे लोक पानी हातात आनून देत्यात. आता चांगला झाला म्हनून समदेच लाड करत्यात. मी चला म्हनलं तर म्हनत्यात, उद्या. पाय परत वाळाय लागलेत."

"मग मी काय करू?" मी म्हटलं.

"येत जा. शिव्या द्याया."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या डोक्यात लिंब, कुंपण, खळं, ओटा एकामागून एक उलटे फिरले.

"म्हंजी तू मुद्दाम..."

"खुंटा कोन हलवत हुतं? म्हस?" ती म्हणाली. "तुमी रोज येनार, ह्ये मला ठावं हुतं. ऊन असो, पानी असो, तुमचा राग चुकत न्हाई. आन तुमी वरडलं की त्ये उठल्याबिगर ऱ्हात न्हाईत, ह्येबी ठावं हुतं. मग मी आनखी काय करायचं?"

मी म्हटलं, "मी माती उचललीय. शब्द दिलाय."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मानही नव्हता आणि विनवणीही नव्हती. "तुमच्या शब्दानं त्ये चार दिस चालले, भाऊजी. तुमच्या शिव्यांनी चार महिने चालले. आता तुमीच बघा." आणि ती आली तशी निघून गेली.

मी हौद्यात उभा होतो. त्या बाईने माझा राग चार महिने मोटेच्या बैलासारखा राबवला, हे समजल्यावर तिला उचलून नदीत फेकावं असं वाटलं. मग खाटेवर पडलेला कानिफ डोळ्यांपुढे आला, आणि शब्द मोडायचं मी ठरवलं. शब्द मोडला की काय करायचं हे माझ्याच कायद्यात होतं, आणि तो मी कुणासाठी कधी वाकवला नव्हता. मी हौद्यातून बाहेर आलो, पाय पुसले आणि बाहेरच्या दगडावर बसलो. नागपंचमीपर्यंत तिथेच बसून शिकवलं. त्या दगडावर बसलं की रस्ता दिसतो. रस्त्याने जाणाऱ्या, एखादा दिवस चुकला म्हणून मी हाकललेल्या एकेकाला मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. कुणाचं पोट सुटलं होतं, कुणी खोकत होतं. त्या नागपंचमीला मी कुणाकडूनही माती उचलून घेतली नाही. ज्याला यायचं त्याने यावं, काल का आला नाहीस हे मी विचारणार नाही, एवढं सांगितलं. दसऱ्याला एकतीस जण होते. हे मी मनकर्णेला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण मी दगडावर बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मी मळ्यावर गेलो. चंद्री पुन्हा जुन्या जागी, ओट्याजवळ बांधलेली होती. कानिफ खाटेवर पाठ करून पडला होता. मी कुंपणाशी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि शिवी येईना. सहा वर्षं जिभेवर तयार असलेला एकही शब्द सापडेना. इतकं लाजिरवाणं मला हगाम्यात चीत झाल्यावरही वाटलं नव्हतं.

मनकर्णा गोठ्यातून बाहेर आली. पदर सारखा केला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"चंद्रे," ती म्हणाली, "शब्द मोडलेला मानूस तोंड घेऊन आलाय बघ. ह्याला आता लाजबी वाटत न्हाई."

"ए कानिफ!" मी असा ओरडलो की लिंबावरचे कावळे उडाले. "सांग तुझ्या त्या अवदसेला! तोंड सांभाळ म्हनावं!"

खाट करकरली. कानिफ उठत होता.